बोनटमध्ये ट्यूबलाइट सरळ दिसायला हवी: जुन्या ट्रॅक्टरचं रंगकाम

जुन्या ट्रॅक्टरला रंग द्यायला सगळ्यात वाईट वेळ म्हणजे दसऱ्याआधीचे आठ दिवस, आणि नेमका त्याच आठ दिवसांत सगळ्यांना ट्रॅक्टर रंगवून हवा असतो. खंडेनवमीला पूजा असते, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, पुढे मळणी, मग ऊस. एकदा हंगाम लागला की ट्रॅक्टर जागेवर उभा राहत नाही. म्हणून घाई, आणि गिऱ्हाईक परत पाठवायला मिस्त्रीचंही मन होत नाही. पण हे दिवस परतीच्या पावसाचे. हवेत ओल भरलेली असते, आणि त्या ओलीत मारलेला रंग दसऱ्याला बरा दिसला तरी दिवाळीपर्यंत मलूल पडलेला असू शकतो.

असं का होतं हे कळायला आधी चमक कशाला म्हणतात ते बघू. जाणता मिस्त्री रंगवलेल्या बोनटकडे समोरून बघत नाही. तो वाकतो आणि तिरक्या नजरेनं वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. ट्यूबलाइटच्या कडा सरळ, धारदार दिसल्या की काम जमलं. कडा नागमोडी गेल्या तर रंगाचा दोष नाही, खालचा पत्राच वरखाली आहे. कडा जागोजाग तुटक दिसल्या तर रंग फवारायची गन चालवताना गडबड झाली. आणि ट्यूबलाइटऐवजी नुसता पांढुरका पट्टा दिसला तर वरचा थर इतका बारीक खरबरीत आहे की उजेड परत सरळ येतच नाही, चहूकडे पांगतो. यातलं काहीही महागड्या डब्यानं झाकत नाही. उलट चकचकीत रंग पत्र्यातला प्रत्येक पोचा उघडा पाडतो, जो जुन्या मळकट रंगात वर्षानुवर्षं कुणाला दिसला नव्हता.

डब्यात काय आहे

मोंढ्यातल्या पेंटच्या दुकानात ट्रॅक्टरसाठी तीन जातीचे रंग मिळतात, आणि तिघांची वाळायची रीत अगदी वेगळी आहे.

पहिला साधा ऑइल पेंट, म्हणजे सिंथेटिक इनॅमल. यातला थिनर उडून गेला की रंग हाताला लागत नाही, पण तो पक्का झालेला नसतो. त्यानंतर तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेत हळूहळू कडक होतो. म्हणून दोन-तीन दिवसांनीही नख दाबलं तर वण उठतो. दुसरा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. यात वाळणं म्हणजे फक्त थिनर उडणं, दुसरं काही नाही. अर्ध्या तासात काम होतं, पण वर्षांनीसुद्धा थिनरचं फडकं फिरवलं की रंग फडक्यावर येतो. शिवाय गनमधून निघाल्या-निघाल्या तो फारसा चमकत नाही, घासून चमकवावा लागतो. तिसरा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हा रंग आणि हार्डनर अशा दोन डब्यांत येतो. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि काही तासांत डब्यातच घट्ट व्हायला लागतं, म्हणून लागेल तेवढाच मिसळायचा. एकदा पक्का झाला की डिझेल सांडलं, ऊन लागलं, तरी लवकर दाद देत नाही, आणि चमक थेट गनमधूनच येते.

माझं मत सरळ आहे. बोनट, मडगार्ड, पुढचा शो आणि चाकांच्या डिस्कला पीयू द्यावा. इंजिन, गिअरबॉक्स, चेसिसला इनॅमल पुरे. बिडाच्या ओतीव भागाला मुळातच खडबडीतपणा असतो, तो पुट्टी भरून गुळगुळीत करायच्या नादाला लागू नये. गरमी आणि थरथर यांनी ती पुट्टी तडकते, तड्यात तेल शिरतं आणि पापुद्रे सुटतात. फिनिश बघायचं ते पत्र्यावर.

एक धोका इथंच सांगतो. जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा कुणीतरी मधे इनॅमल मारलेलं असतं. त्यावर थेट पीयू किंवा एनसी मारला तर जहाल थिनर खालच्या थरात शिरतो, तो फुगतो आणि डोळ्यांदेखत सगळ्या बोनटला सुरकुत्या पडतात. म्हणून आधी कापसाचा बोळा पीयूच्या थिनरमध्ये भिजवून जुन्या रंगावर मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळला, मऊ झाला किंवा उचलला, तर तो सगळा खरवडून पत्र्यापर्यंत जायचं. काहीच झालं नाही तर तो घासून त्यावर काम करता येतं.

धुणं, आणि मगच घासणं

आपल्याकडे ट्रॅक्टर डिझेलनं पुसायची जुनी सवय आहे. पुसल्यावर काळाभोर चकाकतो, म्हणून बरंही वाटतं. ग्रीस सोडवायला डिझेल चांगलं, पण ते मागे तेलाची झिलई ठेवतं. त्यावर रंग पडला की जागोजाग गोल खड्डे पडतात, जणू रंग तिथून पळून गेला. मिस्त्री त्याला फिश आय म्हणतात. म्हणून डिझेलनंतर धुण्याची पावडर घातलेलं गरम पाणी, ब्रश, मग सर्व्हिसिंगवाल्याकडचं प्रेशरचं पाणी. कॉस्टिक सोडा वापरायचा असेल तर हातमोजे घाला, आणि ॲल्युमिनियमच्या भागांना लावू नका, तो ॲल्युमिनियम खातो. झालं का स्वच्छ, हे बघायची खूण सोपी आहे. पत्र्यावर पाणी मारा. पाणी सलग पसरून राहिलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन एकमेकांपासून दूर पळालं तर अजून धुवा.

हे सगळं पेपर, म्हणजे घासायचा खरबरीत कागद, मारण्याआधी. आधी घासलं तर ग्रीस पेपरच्या चऱ्यांत दाबलं जातं आणि मग कशानंच निघत नाही. शेवटी रंगाच्या दिवशी दोन फडकी घ्यायची. एका हातात थिनरचं ओलं, दुसऱ्या हातात कोरडं. ओलं फिरवलं की ते उडायच्या आत कोरड्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर विरघळलेला मळ तिथंच परत बसतो. शेजारी कुणी टायरला किंवा डॅशबोर्डला चमक आणायचं पॉलिश मारत असेल तर त्याला त्या दिवशी थांबवा. त्यातल्या सिलिकॉनचा नुसता उडालेला कणसुद्धा फिश आय करायला पुरतो.

मडगार्डच्या आतली बाजू उलटून बघा. काळी माती तिथं चिकटून महिनोन्महिने ओली राहते, आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून फक्त रंगाला फोड आलेले दिसतात. स्क्रूड्रायव्हरनं टोचल्यावर आरपार गेला तर पुट्टीनं बुजवू नका, तेवढा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या. गंज तारेच्या ब्रशनं काढून पत्रा पांढरा झाला की त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारायचा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा असते. पीयूच्या खाली एपॉक्सी प्रायमर घ्यावा. रेड ऑक्साइड प्रायमर इनॅमलच्या खाली, म्हणजे चेसिसला ठीक आहे.

आणि हे काम गोठ्याशेजारी अजिबात नको. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 2017 पासून 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) कायद्यानं मर्यादा आली, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरती. तुमच्या ट्रॅक्टरचा रंग तर त्याच्याही कितीतरी आधीचा. गुरं रंगाचे पापुद्रे चाटतात, त्यातून शिशाची विषबाधा होते, हा पशुवैद्यकांच्या माहितीतला प्रकार आहे. तेव्हा जुना रंग पाणी लावून घासा म्हणजे धूळ उडणार नाही, खाली ताडपत्री अंथरा, पडलेलं सगळं गोळा करा आणि लहान पोरांना लांब ठेवा.

पेपरचा नंबर

पत्रा ठोकून सरळ केला तरी थोडा वरखाली राहतोच. तिथं पुट्टी. हार्डनर घालून वापरायची पॉलिएस्टर पुट्टी घेतली असेल तर ती कोरडीच घासायची. ती पाणी शोषते, आणि आत राहिलेलं पाणी वर्षभरानं फोड होऊन बाहेर येतं. जुना रंग पाण्यानं आणि पुट्टी कोरडी, हे उलटसुलट वाटतं खरं, पण कारणं वेगळी आहेत. पुट्टीची धूळही नाकात जायला नको, मास्क इथंही लागतो.

नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. पुट्टीला 80 नंबरचा पेपर, मग 180. प्रायमरवर 320 किंवा 400, शेवटी 600. मधला नंबर गाळायचा मोह होतो. 80 च्या चऱ्या रंगानं भरतात असं वाटतं, आणि पहिल्या दिवशी तसं दिसतंही. पण थिनर पूर्ण उडाला की रंग आक्रसतो, चऱ्यांच्या आत बसतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी उन्हात बोनटवर रेघा उमटतात. तेव्हा मिस्त्री रंगाच्या कंपनीला नावं ठेवतो.

पेपर नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या खाली जास्त दाब पडतो आणि पत्र्यावर उथळ चर तयार होतात, डोळ्याला न दिसणारे पण ट्यूबलाइटला दिसणारे. म्हणून ठोकळा लागतो. सपाट जागेला लाकडी, गोलाईला जुन्या रबरी स्लीपरचा कापलेला तुकडा.

इथं एक युक्ती आहे, तिच्यावर दहा मिनिटं जास्त घालवावीत असं मला वाटतं. करड्या प्रायमरवर काळ्या रंगाचा, खूप पातळ केलेला, लांबून हलका शिडकावा मारायचा. नुसते काळे ठिपके पडले तरी चालतात. तो वाळला की ठोकळ्यावर 400 चा पेपर लावून घासायचं. उंच जागेवरचं काळं लगेच जातं. खोलगट जागेत ते तसंच राहतं. आता डोळ्यांवर किंवा हातांवर विश्वास ठेवायची गरज नाही, पत्रा स्वतःच दाखवतो कुठं पोचा आहे, कुठं चरा आहे. सगळं काळं गेलं आणि प्रायमर कुठं फाटला नाही, तर पत्रा सपाट झाला. काळं जातच नसेल तर तिथं पुट्टीचा पातळ हात देऊन परत. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर वापरत असाल आणि बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर शेवटी स्वच्छ पाण्यानं पुसून घ्या. क्षाराचे पांढरे डाग रंगाखाली राहिले तर पुढे तिथंच फोड येतात.

हवा, गन आणि हात

कॉम्प्रेसरमधली हवा दाबली जाताना तापते, आणि पाइपात आल्यावर थंड होते. थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. म्हणून टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढणं हे दिवसाचं पहिलं काम, आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर हवाच. टायरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर भाड्यानं आणला तर गनमधून नुसती हवा स्वच्छ काचेवर मिनिटभर सोडून बघा. काचेवर तेलाचे बारीक ठिपके आले तर तो कॉम्प्रेसर हवा भरायलाच चांगला. 1 एचपीची मोटर अंदाजे 3-4 घनफूट हवा मिनिटाला देते, आणि साधी गन त्याच्या दुपटी-तिपटीनं मागते. म्हणून 2-3 एचपी आणि मोठी टाकी. नाहीतर बोनटच्या मध्यावर हवेचा दाब कमी होतो आणि रंग फुर्रफुर्र करत जाड थेंबांनी पडायला लागतो.

वरच्या रंगाला 1.3 किंवा 1.4 मिलिमीटरचा नोझल, प्रायमरला 1.6 ते 1.8. दाब मोजायचा तो गनपाशी, ट्रिगर दाबलेला असताना. कॉम्प्रेसरवरचा आकडा लांब पाइपात बराच कमी होतो. थिनर किती, हे डब्यावर लिहिलेलं असतं, आणि ते अंदाजानं करू नये. फोर्ड कप नावाची तळाला भोक असलेली वाटी मिळते. ती भरून रंग किती सेकंदांत गळतो ते मोजायचं, डब्यावरच्या सेकंदांशी जुळवायचं. रंग गाळूनच गनमध्ये घालायचा.

आता मूळ मुद्दा. गनमधून रंग लाखो थेंब होऊन बाहेर पडतो. प्रत्येक थेंब पत्र्यावर पडल्यावर पसरून शेजारच्याला मिळाला पाहिजे, सगळ्यांचा मिळून एक सपाट थर झाला पाहिजे. त्यासाठी रंग काही मिनिटं ओला राहायला हवा. थेंब जाड असले, रंग घट्ट असला किंवा थिनर फार लवकर उडाला, तर थेंब मिळायच्या आत घट्ट होतात आणि जालन्याच्या मोसंबीच्या सालीसारखा उठाव येतो. रंग फार पातळ असला किंवा एका जागी जास्त पडला, तर तो ओलाच खाली घसरतो आणि ओघळ येतात. गुळगुळीत फिनिश या दोन्हींच्या मधे, ओघळाच्या अगदी अलीकडे असतं. म्हणूनच जमेल तो प्रत्येक भाग खोलून, आडवा ठेवून रंगवावा. आडव्या पत्र्यावर रंगाला ओघळायला वाव कमी, त्यामुळे हात थोडा सढळ ठेवता येतो.

पहिला हात हलका, नुसता चिकट थर बसण्यापुरता. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकट लागला पण बोटावर आला नाही की दुसरा हात भरून. गन पत्र्यापासून 15 ते 20 सेंटिमीटर आणि शेवटपर्यंत तेवढीच. हात मनगटातून वळवला की दोन्ही टोकांना गन लांब जाते आणि तिथं रंग कोरडा पडतो, म्हणून खांद्यातून सरळ न्यायचा. ट्रिगर पत्र्याच्या बाहेर दाबायचा आणि पत्र्याच्या बाहेरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एक भाग सुरू केला की तो पुरा करायचा. अर्ध्यात लाइट गेली तर मधली कड कोरडी होते आणि तिथं कायमची रेघ राहते. लाइट कधी येते-जाते हे तुमच्या गावात तुम्हालाच माहीत, त्याप्रमाणे बोनटची वेळ धरा.

हवामान

आता दसऱ्याकडे येऊ. थिनर उडताना पत्र्याची उष्णता ओढून घेतो, पत्रा थंड होतो. हवा दमट असेल तर त्या थंड पत्र्यावर बाष्प जमतं आणि ओल्या रंगात अडकतं. एनसीमध्ये याचा पांढुरका धुरकटपणा होतो. पीयूचं आणखी वाईट. त्याचा हार्डनर पाण्याशी क्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो, म्हणून बारीक छिद्रं आणि मेलेली चमक. हार्डनरचा डबा अर्धवट बंद ठेवला तरी तो याच कारणानं खराब होतो.

उन्हाळ्यात उलटा त्रास. परभणी-नांदेडकडे पारा 42 च्या पुढे जातो, पत्र्याला हात लावता येत नाही, आणि रंग पत्र्यावर पोचायच्या आत हवेतच निम्मा वाळतो. हाताला भुरभुरीत लागतो. वर वावटळ. अशा दिवसांत रंगवायचंच असेल तर वारा सुटायच्या आत, सकाळी लवकर, आणि सावकाश उडणारा थिनर मागून घ्या. सगळ्यात बरे दिवस दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीपर्यंत. फक्त सकाळचं दव पूर्ण सुकू द्यायचं, दहा-अकरानंतर सुरू करून चारच्या आत आटपायचं, म्हणजे संध्याकाळच्या गारठ्याआधी रंग धरलेला असतो. वाळूजच्या कारखान्यांत गाड्या रंगतात त्या बंद खोलीत, गाळलेल्या हवेत. आपल्याकडे पत्र्याचं शेड. तिथं छताची जळमटं आदल्या दिवशी झाडा, जमिनीवर पाणी शिंपडा, आणि रंग ओला असताना कोंबडीलाही आत येऊ देऊ नका.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं दमा जडू शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढे थोड्याशा वासानंही छाती भरते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क यात काहीच करत नाही. सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, सोबत चष्मा आणि हातमोजे. मोठं काम असेल तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा. एवढी तयारी नसेल तर हार्डनर न घालता इनॅमल मारा, चमक थोडी कमी मिळेल. साध्या थिनरची वाफही हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. शेडच्या दारात बसून बिडी ओढणाऱ्याला उठवा.

कुठं रंग नको

सायलेन्सरला साधा रंग जळून जातो, त्याला उष्णता सोसणारा वेगळा मिळतो. रेडिएटरच्या जाळीवर जाड थर बसला तर इंजिन तापतं. ग्रीस निपल, हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा, बॅटरीची अर्थिंग जिथं चेसिसला लागते ती जागा, हे सगळं झाका. इंजिन आणि चेसिस नंबरावर पुट्टी किंवा जाड रंग भरू नका, पासिंगला आणि विकताना तेच वाचायचे असतात. मूळ रंग सोडून दुसरा द्यायचा मनात असेल तर आरसी बुकावर रंगही लिहिलेला असतो, आधी आरटीओत विचारून घ्या. झाकायला वर्तमानपत्र वापरू नये, थिनरनं त्याची शाई खाली उतरते. खाकी कागद घ्यावा.

लाल आणि पिवळे रंग खालचं सहज झाकत नाहीत. लालखाली सगळीकडे एकसारखा करडा, पिवळ्याखाली पांढरा प्रायमर असला की हात कमी लागतात. शेड जुळवताना बोनटच्या आतल्या बाजूचा, ऊन न लागलेला रंग दुकानात दाखवा. महिंद्राचा लाल आणि मॅसीचा लाल एक नाही. एकाच रंगाचे दोन-तीन डबे घ्यायचे असतील तर आधी सगळे एका भांड्यात मिसळून घ्या.

ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नका. पक्का वाळू द्या, ठोकळ्यावर 1000 चा वॉटर पेपर लावून तेवढाच उतरवा, मग 1500, 2000 आणि शेवटी रबिंग कंपाउंड. मोसंबीची साल हलकी असेल तर तीही याच वाटेनं जाते. हे पीयूवर काही दिवसांनी करता येतं. इनॅमलला मात्र कित्येक आठवडे द्यावे लागतात, नाहीतर मऊ रंग कंपाउंडबरोबर ओढला जातो.

मग रेडियमवाला. बोनटवर पट्टे, मडगार्डवर पोरांची नावं, मागे 'आई-बाबांची कृपा'. त्याला पीयूवर निदान आठवडाभर आणि इनॅमलवर त्याहून बरंच जास्त थांबवा. कोवळ्या रंगातून थिनर अजून बाहेर पडत असतो, वरून स्टिकर बसला की तो तिथंच कोंडतो आणि अक्षरांखाली फुगे येतात.